सोलर कोणते, हे आधी विचारा

भर दुपारी ऊन रणरणते आहे, छपरावर सोलरच्या नव्या कोऱ्या प्लेटा चकाकत आहेत आणि तेवढ्यात लाईन जाते. घरातला पंखाही थांबतो. मालक एजंटाला फोन लावतो, "अहो, तुमचं सोलर बिघडलं वाटतं!" सोलर बिघडलेले नसते. ते तसेच चालायचे असते. पैसे मोजण्याआधी हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. घरासाठी १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट वा त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान जाहीर झाले आणि गावोगाव एजंट फिरू लागले. ग्रामपंचायतींच्या आराखड्यातही 'कार्यालयावर सोलर बसविणे' हे काम दिसू लागले. काम चांगलेच आहे. पण सोलर म्हणजे सगळे एकच, असे धरून ठराव करणे म्हणजे बैलजोडी न बघता विसार देण्यासारखे आहे.

सूर्यघरचे अनुदान मिळते ते महावितरणच्या तारेला जोडलेल्या यंत्रणेला. एजंट तिला 'ऑनग्रीड' म्हणतो. दिवसा तयार झालेली वीज आधी घरात वापरली जाते, उरलेली तारेत जाते आणि नेट मीटर दोन्हीकडचा हिशेब ठेवतो. बॅटरी नसल्याने ही सर्वांत स्वस्त. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळे छप्पर लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर रोज चारेक युनिट मिळतात. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला एवढे पुरे. मात्र बिल 'शून्य' होते हे बोलणे एजंटाचे, स्थिर आकार बिलात राहतोच. आणि लाईन गेली की ही यंत्रणा आपोआप बंद होते. त्याला कारण आहे. वायरमन डांबावर चढलेला असताना आपल्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल. तेव्हा हा दोष नव्हे. पण ज्यांना लोडशेडिंगमध्ये उजेड हवा म्हणून सोलर घ्यायचे आहे, त्यांच्या हे उपयोगाचे नाही.

दुसरा प्रकार बॅटरीवाला, तारेशी संबंध नसलेला. मळ्यातल्या वस्तीवर जिथे डांबच पोचलेला नाही, तिथे हाच घ्यावा लागतो. दिवे, पंखे, टीव्ही यांना तो चांगला. पिठाची गिरणी चालवायला गेलात तर बॅटरी हात वर करील. खरी गोम बॅटरीतच आहे. प्लेटा पंचवीस वर्षे टिकतात, पाण्याची बॅटरी चार-पाच वर्षे. म्हणजे एका प्लेटच्या आयुष्यात बॅटरी चार वेळा तरी बदलायची. लिथियमची जास्त टिकते, पण किंमतही तशीच. पहिला खर्च योजनेतून होतो, फोटो निघतो, नारळ फुटतो. पाच वर्षांनी बॅटरी बसते तेव्हा सरपंच नवे असतात, भाऊसाहेब बदलून गेलेले असतात आणि तो खर्च कोणाच्याच खात्यावर नसतो.

याचे उदाहरण बिहारमध्ये घडून गेले आहे. जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावी २०१४ मध्ये १०० किलोवॅटची बॅटरीवाली सौर यंत्रणा उभी राहिली. तीस वर्षे अंधारात असलेले गाव उजळले म्हणून देशभर नाव झाले. पण फ्रिज, टीव्ही लावायचे नाहीत ही अट लोकांना जाचू लागली, 'खरी वीज द्या' अशी मागणी झाली. पुढे सरकारी तार आली, ती स्वस्त पडली, बॅटऱ्या संपल्या आणि काही वर्षांत त्या जागेत गुरे बांधली जाऊ लागली. ऊन तिथे आजही तेवढेच पडते.

तिसरा प्रकार दोन्हींचा मेळ, म्हणजे 'हायब्रीड'. तारही असते, बॅटरीही. लाईन गेली की ठरवून दिलेले दिवे-पंखे बॅटरीवर चालतात. महाग पडते, म्हणून घरोघरी घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री बाळंतपण अडले आहे, लसीचा फ्रिज चालू राहायला हवा आहे, अशा ठिकाणी काटकसर करून ऑनग्रीड बसवणे ही चूक ठरेल.

शाळेचे गणित निराळे. शाळा दिवसा चालते, तेव्हा तारेला जोडलेली यंत्रणा तिला शोभते. उन्हाळ्याच्या सुटीत ऊन सर्वांत कडक आणि वर्ग बंद. बॅटरीवाल्या यंत्रणेत ती वीज वाया जाते, ऑनग्रीडमध्ये तारेत जाऊन खात्यावर जमा होते. पण थकबाकीपोटी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. कनेक्शनच तोडलेले असेल तर ऑनग्रीडच्या प्लेटा नुसत्या शोभेच्या. आधी थकबाकी भरा, मग अंदाजपत्रक मागवा. सूर्यघरचे अनुदान घरांसाठी आहे, शाळा वा ग्रामपंचायत कार्यालयासाठी नाही, हेही आराखडा करताना ध्यानात असू द्या.

म्हणून सरपंच आणि भाऊसाहेबांना आमची विनंती आहे. ठरावात 'सोलर बसविणे' एवढेच लिहू नका, प्रकार लिहा. बॅटरी असेल तर ती बदलण्यासाठी दरसाल किती रक्कम बाजूला पडणार, तो आकडा त्याच ठरावात घाला आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. प्लेटा कोण धुणार, बॅटरीत डिस्टिल वॉटर कोण घालणार, त्या माणसाचे नावही लिहा. शिपाई असेल तर शिपायाचे. आणि ठेकेदाराला सही देण्यापूर्वी एकदा छपरावर स्वतः चढून बघा. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या लिंबाची सावली एका प्लेटवर जरी पडत असली, तरी त्या ओळीतल्या बाकीच्या प्लेटांचीही वीज घटते. सकाळी एकदा बघा आणि दुपारी चारला पुन्हा बघा, सावली सरकते.