फ्री रिटर्नचे पैसे कोण भरतं?



सणासुदीची खरेदी सुरू झाली की आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. एक, कुठे सेल लागलाय. आणि दुसरा, "मागवून तर बघ, नाही आवडलं तर परत कर, रिटर्न फ्री आहे." या दुसऱ्या मेसेजबद्दल आज थोडं स्पष्ट लिहिणार आहे. एखादीला राग येईल, येऊ दे.

माझी धाकटी जाऊ इचलकरंजीत घरातूनच कॉटनच्या कुर्त्या ऑनलाईन विकते. १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणी न करताही आपल्या राज्यापुरता असा माल ऑनलाईन विकता येतो. त्या सवलतीचा आधार घेऊन तिने हे सुरू केलं. दुपारची झाकपाक झाली की जेवणाच्या टेबलावरच तिचं पॅकिंग चालतं. "कंपनीला काय फरक पडतो" म्हणून आपण वस्तू परत पाठवतो, तेव्हा पलीकडे पुष्कळदा अशीच एखादी बाई बसलेली असते.

तिचा हिशोब मी वहीत पाहिला आहे. ४५० रुपयांची कुर्ती. कापड, शिलाई, पिशवी, कमिशन, कुरिअर सगळं वजा जाता हातात ४० रुपये. तीच कुर्ती परत आली की ग्राहकाचे पैसे तर परत जातातच, वर परतीचं कुरिअर म्हणून १६० रुपये तिच्या पुढच्या पेमेंटमधून कापले जातात. म्हणजे चार कुर्त्यांची कमाई एका परतीत गेली. तेही कुर्ती पुन्हा विकण्यासारखी असली तर! काखेत घामाचा डाग, बाहीला हळद, गळ्याला पावडर. कुणाच्या तरी हळदीला मिरवून आलेली कुर्ती लगेच ओळखू येते हो. एकदा तर पाकिटातून दुसऱ्याच रंगाची, धुऊन धुऊन विटलेली कुर्ती निघाली.

भरपाई मागता येते. पण त्यासाठी पाकीट उघडतानाचा सलग व्हिडिओ लागतो, त्यात लेबल दिसायला हवं, आणि मोजक्या दिवसांत तक्रार टाकायला हवी. तिने सगळं केलं. उत्तर आलं, "पुरावा अपुरा." आता ती डाळीच्या डब्याला मोबाईल टेकवून प्रत्येक पाकिटाचं चित्रण करते, जातानाही आणि येतानाही. ग्राहकाला दोन क्लिकमध्ये पैसे मिळतात आणि विकणारीला मात्र खरेपणा सिद्ध करत बसावं लागतं. हा त्या कंपनीचा अन्यायच आहे. फुकट परतीची जाहिरात तिने करायची आणि बिल जावेने भरायचं!

पण सगळा दोष कंपनीवर टाकून आपण सुटत नाही. खराब, खोटी किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी वस्तू आली तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तो आपला हक्कच आहे, तो जरूर बजावावा. "मन बदललं" म्हणून परत करणं ही दुकानाने दिलेली सवलत आहे. आणि लग्नात नेसून, फोटो काढून, टॅग पुन्हा अडकवून परत करणं याला काय म्हणायचं?

दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण ऐकतो. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत शेवटचा आहे प्रतिरूपकव्यवहार. चांगल्या मालाच्या जागी हलका माल खपवणं. आपण समजतो, हा दोष व्यापाऱ्यांचा, दुधात पाणी घालणाऱ्यांचा. विटलेली कुर्ती नव्या पाकिटात घालणारीला तो लागत नाही का? मला तरी लागतो असंच वाटतं. ते दहा दिवस हिरवी भाजी सोडणाऱ्या आपल्यासारख्या बायकांनी हे "स्मार्ट शॉपिंग" म्हणून एकमेकींना शिकवावं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

हीच गोष्ट विकणाऱ्यांनाही लागू आहे. फोटोत जाड कॉटन आणि पाठवताना पातळ मिक्स कापड, हाही प्रतिरूपकव्यवहारच. जावेलाही मी हे तोंडावर सांगितलंय. तिने आता प्रत्येक फोटोखाली छाती आणि उंची इंचात लिहायला सुरुवात केली आहे, तेव्हापासून मापाच्या तक्रारी कमी झाल्यात.

आणखी एक गोष्ट, जी किरकोळ वाटते पण नाही. परत करताना कारण विचारतात. खरं कारण असतं "माप बसलं नाही", पण चौकशी नको म्हणून आपण "वस्तू खराब" वर बोट ठेवतो. त्या एका बोटाने विकणारीच्या मालाची गुणवत्ता खाली दिसते आणि पुढच्या ऑर्डरी आटतात. कॅश ऑन डिलिव्हरी मागवून दारातून पाकीट परत पाठवणंही तसंच. पैसे कापले नाहीत तरी ऐन सणात माल दहा-पंधरा दिवस रस्त्यातच फिरतो.

तेव्हा मागवण्याआधी आपल्या अंगाला नीट बसणारी एक कुर्ती जमिनीवर पसरा, टेपने मोजा आणि आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पाचच मिनिटांचं काम आहे. एकच कुर्ती तीन मापांत मागवून दोन परत करायची गरज उरत नाही.