प्रबंध कपाटात, प्रश्न शिवारात

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या सरकारी रुग्णालयात दोन-चार विद्यार्थी येतात. पाठीवर सॅक, हातात विभागप्रमुखांचे पत्र. ‘सर, आम्ही एमपीएच करतोय. सहा आठवड्यांचे फील्डवर्क आहे आणि प्रबंधासाठी डेटा हवाय.’ एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, सार्वजनिक आरोग्यातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. ती करणारे सगळेच डॉक्टर नसतात. नर्सिंग, दंतवैद्यक, आयुर्वेद, समाजकार्य अशा वेगवेगळ्या शाखांतून मुले येतात, आणि ते चांगलेच आहे. मी पत्रावर सही करतो, सहा आठवड्यांनी हजेरीपत्रकावर सही करतो आणि मुले निघून जातात. बहुतेकांची पुन्हा गाठ पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका विद्यार्थिनीसोबत मी केळापूर तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. तिच्या प्रश्नावलीत साठेक प्रश्न होते. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सगळ्यांची उत्तरे शांतपणे दिली आणि शेवटी मला विचारले, “साहेब, मांगच्या साली बी एक पोरगा असंच लिहून घेऊन गेला. मंग त्याचं काय झालं?”

त्याचे काय झाले ते मला माहीत होते. त्याचा प्रबंध झाला, त्याला पदवी मिळाली आणि काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीतली एक प्रत महाविद्यालयाच्या कपाटात गेली. गावाकडे काहीच आले नाही. पारावर मला हे सांगता आले नाही. आज या स्तंभात सांगतो आहे, कारण ही चूक विद्यार्थ्यांची कमी आणि आम्हा सह्या करणाऱ्यांची जास्त आहे.

कागदावर पाहिले तर या अभ्यासक्रमाची रचना उत्तम आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या नमुना अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि प्रबंध हे दोन्ही आहेत. पहिल्यात विद्यार्थ्याने आरोग्य यंत्रणा आतून पाहायची, दुसऱ्यात एक प्रश्न धरून तो तडीस न्यायचा. व्यवहारात मात्र विषय शहरातल्या वर्गात ठरतो, जिल्हा पाहण्याआधीच. प्रश्नावली आधीच्या एखाद्या प्रबंधावरून बेतलेली असते. ‘अमुक विषयाबाबत ग्रामीण लोकांचे ज्ञान, दृष्टिकोन व आचरण’ असे शीर्षक आणि ‘जनजागृतीची गरज आहे’ असा निष्कर्ष. एवढे कळायला यवतमाळला येण्याची काय गरज होती?

२०१७ सालचा हंगाम या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. त्या साली डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची पद्धत, तोंडाला नुसता रुमाल, अशी अनेक कारणे पुढे आली. पण एक गोष्ट मला आजही डाचते. रुग्ण जुलैपासून येत होते. राज्यभर त्याची बातमी झाली ती सप्टेंबर संपता संपता. मधल्या आठवड्यांत प्रत्येक रुग्णाचा केसपेपर निघत होता, सलाइन लागत होते, नोंदवहीत ओळ वाढत होती. त्या ओळी एकमेकींशेजारी ठेवून ‘हे नेहमीपेक्षा जास्त आहे, आणि अमुक गावांतून येते आहे’ असे वेळीच म्हणणारे कोणी नव्हते. डॉक्टर खाटेवरच्या माणसाकडे पाहत होता. कृषी विभाग पिकाकडे पाहत होता.

नोंदवहीतल्या ओळी शेजारी-शेजारी ठेवून पाहणे हेच सार्वजनिक आरोग्याचे मूळ काम आहे, आणि एमपीएचच्या विद्यार्थ्याला आपण तेच शिकवतो. मग तो विद्यार्थी त्या जुलैत कुठे असतो? वर्गात. फवारणी जुलै ते ऑक्टोबर चालते. आपल्याकडे ही मुले बहुधा येतात ती उन्हाळ्यात, जेव्हा शेतात नुसती पळाटी उरलेली असते. शेतीच्या आरोग्याचा अभ्यास करायला आलेला विद्यार्थी फवारणीचा पंप कोपऱ्यात धूळ खाताना पाहतो आणि शेतकऱ्याला विचारतो, ‘तुम्ही हातमोजे घालता का?’ शेतकरी ‘हो’ म्हणतो. प्रबंधात टक्केवारी येते.

याला अपवादही पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आली. शिक्षणाने दंतवैद्य. तिने विषय ठरवलेला नव्हता, म्हणून तिच्या मार्गदर्शकांनी तिला जवळपास शिक्षा म्हणूनच आमच्याकडे पाठवले होते. मी तिला म्हटले, “ताई, आधी आठ दिवस नुसती अपघात विभागात बसा. काही लिहू नका.” नवव्या दिवशी ती म्हणाली, “सर, विषबाधेच्या कित्येक केसपेपरांवर औषधाचे नावच नाही. नुसते ‘अज्ञात विष’ लिहिले आहे.” मी इतकी वर्षे तेच केसपेपर पाहत होतो आणि मला ते दिसेनासे झाले होते.

या नावाला फार महत्त्व आहे. औषध ऑर्गनोफॉस्फेट गटातले असेल तर ॲट्रोपिन लवकर आणि पुरेसे द्यावे लागते, श्वासावर काही दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. पायरेथ्रॉइड असेल तर त्यावर खास उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात. दोन्हींचे मिश्रण असेल तर आणखी गुंता. नाव कळले नाही तर डॉक्टर चाचपडत राहतो आणि जिल्ह्याला कोणते औषध माणसे पाडते आहे तेही कधी कळत नाही.

त्या मुलीने एकच पान तयार केले. गाव, फवारणी किती वाजता सुरू केली, किती पंप मारले, औषधाचे नाव, एकात काय काय मिसळले, स्वतःच्या शेतात की मजुरीने. दुसरे पान आशाताईंसाठी होते, मोठ्या अक्षरांत: ‘फवारणीनंतर मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, दवाखान्यात या, आणि येताना औषधाचा डबा सोबत आणा.’ नातेवाईक डबा आणू लागले. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, कधी नुसते लेबल फाडून. केसपेपरावर नावे येऊ लागली.

तिच्या प्रबंधाला गुण बेताचेच मिळाले. परीक्षकांचे म्हणणे, यात ‘संशोधन’ कमी आहे. आणि छापलेले फॉर्म संपल्यावर आम्ही ते पुन्हा छापून घेतले नाहीत, हेही मला कबूल केले पाहिजे. ती गेल्यावर ते काम कोणाचेच राहिले नाही. म्हणजे चांगले काम होऊनही ते टिकेल अशी सोय ना विद्यापीठाने केली होती, ना आम्ही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. लोकांना विचारल्यावर दवाखान्याच्या आधी अन्न आणि पाणी पुढे आले, तेव्हा त्यांनी कामाची सुरुवात तिथून केली. त्याच विद्यापीठातून शिकून आलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ उभी केली. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे त्यांनी दाखवले. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई त्या धर्तीवर घरभेटी देतात. दोन्हीकडे संशोधनाचा प्रश्न गावातून उचलला गेला आणि उत्तर गावात परत गेले.

आमच्या शेजारीच, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, १९६९ पासून एमबीबीएसची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे राहून येते आणि पुढेही त्याच कुटुंबांकडे जात राहते. ‘मंग त्याचं काय झालं’ असे तिथे कोणी विचारले तर उत्तर द्यायला पुढच्या वेळी तोच विद्यार्थी समोर असतो.

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेचा एक नियम मला फार आवडतो. एमपीएचच्या विद्यार्थ्याने क्षेत्रकार्यातून किमान दोन अशा वस्तू तयार करायच्या, ज्या त्या संस्थेच्या खऱ्याखुऱ्या उपयोगाच्या असतील. नियमपुस्तिका, प्रशिक्षणाचा तक्ता, माहितीचे विश्लेषण, काहीही चालेल. तास किती भरले यापेक्षा मागे काय ठेवले ते महत्त्वाचे. आपल्याकडेही चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत २००१ पासून दोन वर्षांचा असा अभ्यासक्रम आहे. त्यात विद्यार्थ्याचा बराचसा काळ क्षेत्रातच जातो आणि साथीचा तपास प्रत्यक्ष करावा लागतो. एमडीच्या विद्यार्थ्यांना आता जिल्हा रुग्णालयात तीन महिने काम करणे सक्तीचे आहे. मग एमपीएचलाच सहा आठवड्यांची धावती भेट का पुरावी?

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, विद्यापीठाला संशोधनाची शिस्त हवी. उपयोगी पत्रक म्हणजे प्रबंध नव्हे. मान्य. पण ‘डबा आणा’ सांगितल्यावर केसपेपरावर नाव लिहिण्याचे प्रमाण बदलले का, हे आधी आणि नंतर मोजणे यालाही शिस्तच लागते. ते पडताळताही येते आणि त्यातून निष्कर्षही निघतो. दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा. आम्हाला फुकटचे कारकून म्हणून वापरतील. हेही मी पाहिले आहे. साथरोगशास्त्र शिकलेल्या मुलाला महिनाभर पोर्टलवर आकडे भरायला बसवणारे अधिकारी आहेत. म्हणूनच कामाचा करार लेखी असावा आणि स्थानिक मार्गदर्शकाच्या नावावर जबाबदारी असावी.

माझ्या मते पाच गोष्टी करता येतील, आणि त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिली, जिल्ह्याची प्रश्नयादी. जिल्हा आरोग्य अधिकारी, वैद्यकीय महाविद्यालयाचा जनऔषधवैद्यकशास्त्र विभाग आणि तालुका आरोग्य अधिकारी यांनी वर्षातून एकदा बसून वीस प्रश्न लिहावेत. पांढरकवडा-झरी भागातल्या पाण्यातले फ्लोराइड, कोलाम पोडांवरच्या सिकलसेल रुग्णांची औषधे मध्येच का सुटतात, सर्पदंशाचा रुग्ण दवाखान्यात पोहोचायला किती तास लागतात. विद्यार्थ्याने यातला एक निवडावा.

दुसरी, हंगाम पाहून नेमणूक. फवारणीचा अभ्यास करणारा ऑगस्टमध्ये यावा, पाण्याचा अभ्यास करणारा मे महिन्यात. परीक्षेचे वेळापत्रक हलवता येते, पावसाचे नाही.

तिसरी, पहिले दोन आठवडे प्रश्नावली बंद. उपकेंद्रात, आशाताईंसोबत, अपघात विभागात नुसते बसावे. कोलामी बोलणाऱ्या पोडावर जायचे तर सोबत तिथलाच माणूस घ्यावा, आणि त्याला मजुरी द्यावी. राहण्या-जाण्याचा खर्चही विद्यार्थ्याच्या खिशातून नको. नाहीतर ज्याच्या घरी पैसा आहे तोच दूरच्या गावापर्यंत पोहोचेल.

चौथी, मराठीत दोन पाने. इंग्रजी प्रबंध विद्यापीठाला द्यावाच, पण दोन पानांचा मराठी सारांश प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत आणि गावात वाचून दाखवल्याशिवाय काम पुरे झाल्याचा दाखला मिळू नये. नावे आणि ओळख पटेल असे काही त्यात अर्थातच नसावे.

पाचवी, वारसा. एका विद्यार्थ्याने सुरू केलेले काम पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने पुढे न्यावे. दरवेळी नवा विषय शोधण्याचा हट्ट सोडला तर पाच प्रबंध मिळून एका प्रश्नाचे उत्तर देऊ शकतील.

यातल्या पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या गोष्टीसाठी विद्यापीठाने आणि जिल्हा परिषदेने एकत्र बसले पाहिजे. चौथीसाठी मला कोणाची परवानगी लागत नाही. यंदापासून, गावात दोन पाने वाचून दाखवल्याखेरीज मी कोणाच्याही हजेरीपत्रकावर शेवटची सही करणार नाही. विद्यार्थ्यांना हे आल्या दिवशीच सांगेन, म्हणजे नंतर तक्रार नको. आणि तो फॉर्म पुन्हा छापायला दिला आहे. पऱ्हाटी कमरेला लागण्याआधी तो अपघात विभागाच्या टेबलावर असेल.