पिल्लू घरी आलं? साबण जरा बाजूला ठेवा

"डॉक्टर, काल रात्री पिल्लू आणलंय. कोणता शाम्पू वापरू?"

पावसाळ्यात असे फोन फार येतात. पिल्लू पार्किंगमध्ये गाडीखाली सापडलेलं असतं. चिखलाने माखलेलं, वास मारणारं, पोटाशी पिसवा पळताहेत. घरातल्या आजींनी बजावलेलं असतं की आंघोळ घातल्याशिवाय ते दिवाणखान्यात येणार नाही. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो. शाम्पू आज कोणताच नको. आधी त्याला दाखवायला घेऊन या.

काहींना हे आळशी डॉक्टरचं उत्तर वाटतं. पण माझं मत पक्कं आहे. पहिल्या दिवसाची आंघोळ आपण आपल्या समाधानासाठी घालतो, पिल्लाला तिचा उपयोग जवळपास शून्य असतो आणि कधी कधी ती त्याला महागात पडते.

सहा-सात आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगात चरबी फारशी नसते. शरीराचं तापमान सांभाळणं त्याला मोठ्या कुत्र्यासारखं जमत नाही. त्यात दोन दिवसांची उपासमार, आईपासून ताटातूट, पोटात जंत. अशा जिवाला बादलीभर पाण्याने भिजवलं की ते कुडकुडायला लागतं, रक्तातली साखर उतरते आणि तासाभरात ते मलूल होऊन पडतं. मग "सकाळपर्यंत तर खेळत होतं हो" हे वाक्य आमच्या टेबलापाशी ऐकू येतं.

इथे एक गैरसमजही दूर करतो. "आंघोळ घातली म्हणून पार्व्हो झाला" असं लोक एकमेकांना सांगतात. पार्व्हो हा विषाणूचा आजार आहे, तो पाण्याने होत नाही. विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे पिल्लू तुमच्याकडे आलं तेव्हाच आजार आत असू शकतो. आंघोळीने तो होत नाही, पण त्याच्याशी झगडायला जी थोडीफार ताकद उरलेली असते ती गारठ्यात खर्च होते. उलट्या, रक्ताचे जुलाब, खाणं बंद, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

आता "पण घरात लहान मूल आहे" हा मुद्दा. तो रास्त आहे. म्हणूनच विचारतो, पिल्लाकडून मुलाला नेमका धोका कशाचा? चिखलाचा नाही. धोका जंतांचा, रेबीजचा आणि काही वेळा लूतीचा. यातलं शाम्पूने काय जातं? काहीही नाही. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच मिळतात, आकडी जंत दुधातूनही येतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. गोल जंतांच्या अंड्यांना मातीत संसर्गक्षम व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे विष्ठा त्याच दिवशी उचलली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. उरलेली जंताच्या औषधाने. ते वजनावर द्यायचं असतं आणि लहान पिल्लाला साधारण दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, असं पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याची उरलेली गोळी अंदाजाने मोडून देऊ नका.

साबणाची खरी गरज कुठे आहे सांगू? तुमच्या स्वतःच्या हाताला. पिल्लाचे दात सुईसारखे असतात आणि खेळता खेळता ओरखडा निघतोच. "एवढंसं तर पिल्लू, त्याला कुठला रेबीज?" असं म्हणू नका. रस्त्यावरच्या आईला लस मिळालेली असेलच असं नाही आणि पिल्लांनाही रेबीज होतो. दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद नको, चुना नको, घट्ट पट्टी नको. मग त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा आणि लसीचे ठरलेले सगळे डोस पूर्ण करा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, त्याबद्दल आवर्जून विचारा. रेबीज झाल्यावर उपाय जवळजवळ नाही. होण्याआधी मात्र तो टाळता येतो.

पहिल्या दिवशीच्या घाणीचं मग करायचं काय? कोमट पाण्यात मऊ फडकं बुडवून घट्ट पिळा आणि एकेक भाग पुसून लगेच कोरडा करा. पोट, पंजे, शेपटीखालचा भाग एवढं झालं तरी वास निम्मा जातो. बारीक दातांच्या फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात टाका. गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, त्यावर रॉकेल टाकू नका. अपवाद एकच, अंगावर ऑइल, रंग किंवा एखादं रसायन सांडलं असेल तर. ते चाटून पोटात जातं, त्यामुळे धुवावंच लागतं. रस्त्याच्या कामावरचं डांबर लागलं असेल तर आधी खायचं तेल चोळून ते सैल करा आणि मग धुवा. डांबर काढायलाही रॉकेल किंवा पेट्रोल नकोच.

माझी खरी चिडचिड होते ती पिल्लाला फरशीचं औषध लावलेलं पाहून. जंतुनाशकाची दोन टोपणं बादलीत टाकून आंघोळ घालणारी माणसं प्रेमळच असतात, पण कुत्रा अंग चाटतो हे विसरतात. फिनाइल तर कातडीतूनही आत शिरतं. लूत भरलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल फासण्याची पद्धत गावाकडे आहे आणि शहरातही आहे. त्याने कातडी भाजते, पोट बिघडतं आणि लूत बहुतेक वेळा तशीच राहते. लूतीचे प्रकार वेगवेगळे, त्यांची औषधं वेगळी. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की पाच-दहा मिनिटांत बरंच कळतं, आणि आता त्यावर चांगल्या गोळ्या मिळतात. गोचिडांसाठी दुकानात मिळणारं अमिट्राझचं द्रावण लहान पिल्लासाठी नाहीच. मोठ्या कुत्र्यालाही मात्रा चुकली तर ते सुस्त पडतं. "नैसर्गिक" म्हणून टी ट्री तेल लावणाऱ्यांसाठी सांगतो, तेही कुत्र्यांना विषारी ठरू शकतं.

तपासणीला आणाल तेव्हा आम्ही काय पाहतो हे माहीत असलेलं बरं, कारण निम्मं तुम्हालाही घरी पाहता येईल. ओठ उचलून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील तर जंत, पिसवा किंवा गोचिडांनी रक्त प्यायलंय. पोट ढोलासारखं आणि बरगड्या उघड्या, हे जंतांचं चित्र. अंग गरम लागलं म्हणून ताप समजू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हाताला ते तापलेलंच लागतं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर कधीच नको, त्याने कुत्रे दगावतात.

लसीचं वेळापत्रक डॉक्टर लिहून देतील. पार्व्हो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांनंतर सुरू होते आणि चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर. एक इंजेक्शन झालं की काम झालं असं मानून बागेत फिरवायला नेणं हे पार्व्होचं सर्वांत सोपं निमंत्रण. त्या विषाणूला मातीत महिनोन्‌महिने काही होत नाही. मोठा कुत्रा दत्तक घेतला असेल आणि त्याच्या कानाला खाच असेल, तर त्याची नसबंदी झालेली आहे आणि तेव्हा रेबीजची लस दिलेली असणार. पण ती कधी दिली ते कळत नाही, म्हणून पुन्हा द्यायची. खर्चाची काळजी असेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. पुण्या-मुंबईत कुत्र्याचा महापालिकेचा परवानाही काढावा लागतो आणि त्याला रेबीजचा दाखला लागतो.

आणि मग आंघोळ. पिल्लू नीट खातंय, शी घट्ट आहे, डॉक्टरांनी हो म्हटलंय, अशी वेळ आली की उन्हाची दुपार निवडा. पाणी कोपर बुडवून पाहा, गरमही नको, गारही नको. आपला शाम्पू वापरू नका, बाळाचाही नाही. आपल्या त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा साताच्या जवळ. शिवाय त्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्यापेक्षा बराच पातळ असतो. कुत्र्यांसाठीचा शाम्पू थोडासा घ्या आणि फेस काढायला घातला त्याच्या दुप्पट वेळ द्या. आंघोळीनंतर येणारी खाज पुष्कळदा राहून गेलेल्या शाम्पूची असते. डोक्यावरून पाणी ओतू नका, तोंड ओल्या फडक्याने पुसा. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध लावणार असाल तर त्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, नाहीतर पैसे पाण्यात.

पुढे दर रविवारी आंघोळ हा हट्टही सोडा. आखूड केसांच्या आपल्या देशी कुत्र्याला महिन्यातून एकदा पुरते, एरवी ब्रश आणि कोरडं फडकं. टॉवेलने पुसल्यावर काखा आणि बोटांच्या मधल्या जागा हाताने चाचपून पाहा, ओल तिथेच राहते. कानात पाणी जाऊ नये म्हणून कापूस घातला असेल तर तो आठवणीने काढा. "डॉक्टर, हा आठवड्याभरापासून डोकं हलवतोय" म्हणून आलेल्या कुत्र्याच्या कानातून तो मी एकदा नाही, बरेचदा काढलाय.