जुना ब्रश कोणाच्या हाती?

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या पालक सभेत एक प्रसंग घडला. वसतिगृहात येताना मुलांनी सोबत काय आणावे, याची यादी वाचून दाखवली जात होती. ताट, वाटी, पेला, दोन चादरी, बादली अशी ती नेहमीचीच यादी. परंतु तिच्या शेवटी या खेपेस एक नवी ओळ होती. दात घासण्याचा जुना ब्रश टाकून देऊ नये, तो स्वच्छतेच्या कामासाठी राखून ठेवावा. ओळ वाचून होताच मागच्या रांगेतले एक पालक उभे राहिले. "सर, आम्ही पोरं इथं शिकायला पाठवलीत," ते म्हणाले, "जुन्या ब्रशनं फरश्या घासायला नाही. ते काम आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ केलं." सभा काही क्षण गप्प झाली. मग कोणी काटकसरीचे महत्त्व सांगितले, कोणी पर्यावरणाचा उल्लेख केला, आणि पुढचा विषय घेतला गेला. त्या गृहस्थांना उत्तर मिळाले नाही. मी त्या सभेत होतो व मीही काही बोललो नाही. या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा ते राहून गेलेले उत्तरच लिहावे असे ठरवले.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, त्यांचा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. या शाळेत सहावीत दाखल होण्यापूर्वी मी ज्या शाळेत होतो, तिथे शनिवारी सकाळी मुतारीची फरशी घासली जाई. ब्रश कोणाच्या हाती द्यायचा, हे गुरुजींना कोणाला विचारावे लागत नसे. वर्गात बेचाळीस मुले होती. काम मात्र फिरून फिरून आम्हा तिघांकडेच येई. घरी मी ही गोष्ट कधी सांगितली नाही. वडिलांना ती सांगितल्याने त्यांना नवे काही कळले असते असेही नाही. तेव्हापासून स्वच्छता हा संस्कार आहे असे कोणी सरसकट म्हणू लागले की मी सावध होतो. कोणते काम, कोणाला आणि कोणत्या कारणाने सांगितले, एवढे विचारल्याखेरीज त्या वाक्याला माझ्या लेखी अर्थ नाही.

आपल्या शाळेत आलो त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी वसतिगृहाचे अधीक्षक ओट्यावर बसून आपल्या सायकलची साखळी घासताना दिसले. हातात एक झिजलेला ब्रश होता. मूठ पिवळी, केस चहूकडे फाकलेले. शेजारी वाटीत थोडे रॉकेल. त्यांनी मला हाक मारली. आता तो ब्रश माझ्या हाती येणार, हे मी गृहीतच धरले होते. त्यांनी मला चाक हळूहळू फिरवायला सांगितले आणि घासणे स्वतःच केले. पुढे वर्षभरात मीही त्यांच्या शेजारी बसून कितीतरी वस्तू घासल्या असतील. पण तो पहिला रविवार मी विसरलो नाही.

आनंदाची आणि उदेन राजाची कथा मी प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकली. विनयपिटकातील चुल्लवग्गात ती आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर आनंद कोसंबीला गेले असता उदेनाच्या राण्यांनी त्यांना पाचशे उत्तरासंग, म्हणजे अंगावर घ्यायची वस्त्रे, दान दिली. राजाला हे रुचले नाही. एवढ्या वस्त्रांचे श्रमण करणार काय, कापडाचे दुकान मांडणार की काय, असा त्याचा प्रश्न होता. आनंदांनी उत्तर दिले की, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटली जातील. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस होतील. पलंगपोस विरले की गादीचे अभ्रे, अभ्रे विरले की जमिनीवरची अंथरुणे, त्यानंतर पायपुसणी, त्यानंतर धूळ झाडायची फडकी. आणि फडकीही फाटली की त्यांचे तुकडे चिखलात कुटून त्याने जमीन लिंपली जाईल. राजाचे समाधान झाले व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही कथा काटकसरीचा धडा म्हणून सांगितली जाते. मला त्यात दुसरेही काही दिसते. प्रश्न विचारणारा राजा आहे आणि उत्तर देणाऱ्याला वस्त्राचा प्रवास पायपुसण्यापर्यंत, चिखलापर्यंत पाठ आहे. ज्याने ती कामे स्वतः केली वा जवळून पाहिली, त्यालाच असे उत्तर सुचते. शिवाय जीर्ण चीवराचा पलंगपोस होण्याआधी भिक्खूला नवे चीवर मिळालेले असते, हा क्रमही ध्यानात घेण्यासारखा आहे. त्याकडे मी पुन्हा येईन.

दात घासण्याविषयीही विनयात नियम आहेत. दातवण वापरावे, त्याने मुखाला दुर्गंधी येत नाही व अन्नाची चव लागते, असे सांगून त्याची लांबी आठ अंगुळांहून अधिक व चार अंगुळांहून कमी नसावी, इथपर्यंत तपशील दिलेला आहे. दातवणाचा एक गुण असा की वापरून फेकले तरी ते मातीत मिसळते. आपल्या ब्रशचे तसे नाही. डुकराच्या राठ केसांचे ब्रश जाऊन नायलॉनच्या केसांचा पहिला ब्रश अमेरिकेत १९३८ साली बाजारात आला, आणि मूठही प्लास्टिकचीच झाली. आजच्या ब्रशची मूठ बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, केस नायलॉनचे, पकडीवर रबरासारखा थर, आणि केसांचा प्रत्येक झुपका धातूच्या बारीकशा तुकड्याने अडकवलेला. एवढ्याशा वस्तूत इतके पदार्थ एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे ते वेगळे करून पुन्हा वापरणे परवडत नाही. भंगारवालासुद्धा तो घेत नाही.

तरीही जुना ब्रश वापरून आपण पृथ्वी वाचवतो, असे मुलांना सांगू नये. मुले हिशेब करतात. दंतवैद्य तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलायला सांगतात. वसतिगृहात ३०० मुले धरली तर वर्षाला ९०० ते १२०० ब्रश झाले. एकेकाचे वजन १५ ते २० ग्रॅम धरले तर सारे मिळून १४ ते २४ किलो. हा ढीग भोजनगृहातल्या तांदळाच्या एका कट्ट्याएवढाही नाही. शिवाय साखळी घासून झाल्यावर तो ब्रश शेवटी कचऱ्यातच जाणार. आपण त्याला फक्त एक वर्ष थोपवले. माझा आग्रह वेगळ्या कारणासाठी आहे. लहान, वाकड्या, अडचणीच्या जागा स्वच्छ करायला त्याच्याइतके चांगले हत्यार बाजारात विकत मिळत नाही, आणि ते आपल्या हातात आयतेच आलेले असते.

मी तीस वर्षे एस.टी.च्या कार्यशाळेत काम केले, म्हणून हे अनुभवाने लिहितो. बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा क्षार खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने निघतो (तारा आधी सोडवाव्या, हे सांगायला नको). घरी माझी पत्नी शिलाई करते. मशीनच्या दात्यांमध्ये साचलेली कापडाची लव कोरड्या ब्रशने दोन मिनिटांत निघते, आणि तिच्या मते निम्म्या तक्रारी त्या लवेच्याच असतात. स्वयंपाकघरात तर त्याला विश्रांतीच नाही. कुकरच्या झाकणात रबरी रिंग बसते ती खाच, किसणीची मागची बाजू, चहाची गाळणी, पुरणयंत्राची जाळी, दिवाळीनंतर सोऱ्याच्या शेवेच्या चकत्या, गॅसचा बर्नर. बर्नर मात्र पूर्ण थंड झालेला असावा. नायलॉन वितळून भोकांत बसले की काम दुप्पट. नळाच्या बुडाशी जमणारा बोअरच्या पाण्याचा थर लिंबाच्या सालीने भिजवून मग घासावा. शर्टाची कॉलर, बुटाची शिवण, खिडकीच्या सरकपट्ट्या हे सर्वांना ठाऊकच आहे. पितळी बुद्धमूर्तीच्या चीवराच्या चुण्यांत बसलेली मेणाची काजळी मऊ ब्रश व चिंचेच्या कोळाने जशी निघते तशी फडक्याने निघत नाही.

मुठीचाही उपयोग आहे. शेवटी भोक असलेला ब्रश मिळाला तर त्याचे डोके कापून टाकावे. पायजम्याच्या नेफ्यात नाडी ओवायला त्याच्यासारखे साधन नाही. वसतिगृहात अशी एक मूठ खिडकीला दोरीने बांधलेली असे व साऱ्या खोलीची ती सामाईक मालमत्ता होती. चित्रकलेच्या तासाला कागदावर पिंपळपान ठेवून रंगात बुडवलेल्या ब्रशच्या केसांवरून बोट ओढले की ठिपक्यांचा फवारा उडतो आणि पान उचलल्यावर त्याचा पांढरा आकार उरतो. ज्यांना कधी चित्र जमले नाही अशा माझ्यासारख्यांचीही ती चित्रे भिंतीवर लागत. आणि विद्यार्थ्यांना हेही सांगावे की, उत्खननात सापडलेली खापरे धुण्यासाठी पुरातत्त्वाचे अभ्यासक असाच साधा ब्रश वापरतात. तेही घासण्याचेच काम आहे.

काही पथ्ये पाळली पाहिजेत. जुना ब्रश आधी साबणाच्या गरम पाण्यात चांगला धुवावा. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला ब्रश कधीही एक होऊ नये. मुठीवर गरम सुरीने खूण करावी, एक खाच स्वयंपाकघराची, दोन न्हाणीघराच्या. ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचे आम्ल एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आम्ल घेऊन घासण्याचे काम मुलांकडे तर मुळीच देऊ नये.

आता त्या चीवराच्या क्रमाकडे येतो. आपल्यापैकी अनेक घरांत एक ब्रश वर्षभर चालवला जातो, हे मी पाहिले आहे. मीही चालवला आहे. केस वाकले की तो ब्रश दात स्वच्छ करीत नाही. 'जुना जपून ठेवा' या सूचनेचा अर्थ 'नवा उशिरा घ्या' असा मुलाने घेतला, तर काटकसर त्याच्या हिरड्यांवर येईल. म्हणून शाळेने जुना ब्रश मागायचाच असेल तर तो नवा हाती देऊन मागावा. दरवर्षी हजारभर ब्रशचा खर्च माजी विद्यार्थ्यांना जड नाही, आणि तो आम्ही उचलावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट त्या पालकांच्या बोलण्यातली. ब्रश शिक्षा म्हणून कोणाच्याही हाती देऊ नये, एकदाही नाही. प्रत्येकाने आपल्या वस्तू घासाव्या: आपले बूट, आपली सायकल, आपला कंगवा. सामाईक जागांची पाळी भिंतीवर लिहिलेली असावी, आणि तीत मुलांबरोबर शिक्षकांची, अधीक्षकांची व मुख्याध्यापकांचीही नावे असावीत. पाळी कागदावर असून भागणार नाही. ती पाळली जाताना मुलांना दिसली पाहिजे.

यादीतली ती ओळ यंदा बदलावी, अशी सूचना मी शाळा समितीकडे लेखी दिली आहे. नवी ओळ अशी सुचवली आहे: नवा ब्रश शाळा देईल, जुना स्वतःच्या वस्तूंसाठी स्वतःजवळ ठेवावा. हीच ओळ कर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रकातही छापावी, असे खाली जोडले आहे. त्या पालकांचा मुलगा आता आठवीत आहे. पुढच्या सभेत हा विषय निघेल तेव्हा प्रथम त्यांनाच बोलू द्यावे, अशी अध्यक्षांना माझी विनंती आहे.