चूक तुमची नाही, काका

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीने एक सवय लावली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. ज्या कर्जाच्या कागदावर आपली सही आहे, त्या कर्जाकडे अधूनमधून डोकावून पाहायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये माझा पुतण्या संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेतील मिशिगन राज्यात गेला. कर्ज वीस लाखांचे. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तेव्हा तारण लागे, म्हणून भावाने सांगलीतील दुकानाचा गाळा गहाण ठेवला आणि हमीदार म्हणून मी सही केली. शिक्षण संपल्यावर वर्षभराची सवलत, मग हप्ते. हे सारे मी इतरांना शेकडो वेळा समजावून सांगितले होते. स्वतःच्या घरात आले तेव्हा मात्र झोप थोडी कमी झाली, हे कबूल करतो.

त्या हिवाळ्यात मी डेट्रॉईटजवळ थोरल्या मुलीकडे मुक्कामाला होतो. जानेवारी २०१९ च्या तिसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला. "दादा, तुम्ही तिकडं जवळ आहात तर त्याच्याकडं जरा बघून या. गेमच्या कुठल्या क्लबात नाव घातलंय म्हणे. शनिवार-रविवार तिथंच असतो." आवाजात काळजी होती आणि काळजीखाली गाळा होता. मी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, या शनिवार-रविवारी मला येता येणार नाही, जॅम आहे. तुम्हीच या ना." जॅम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पावाला लावायचा मुरंबा आला.

मुरंब्याशी त्याचा संबंध नाही. संगीतकार एकत्र जमून, आधी काही न ठरवता जे वाजवतात त्याला जॅम म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. संगणकावरचे खेळ तयार करणारे लोक ठरावीक मुदतीत, बहुधा ४८ तासांत, दिलेल्या विषयावर एक पूर्ण खेळ करतात. २००२ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे काही मोजक्या मंडळींनी असा पहिला मेळावा भरवला. त्याच वर्षी 'लुडम डेअर' ही इंटरनेटवरील परंपरा सुरू झाली. २००९ पासून 'ग्लोबल गेम जॅम' दर जानेवारीत जगभर एकाच वेळी भरतो. पहिल्या वर्षी तेवीस देश होते. मी पाहिला त्या वर्षी शंभराहून अधिक देशांत आणि आठशेहून अधिक ठिकाणी तो भरला होता, त्यांत भारतही होता. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे क्लब आपापल्या इमारतीत जागा मिळवून यजमान होतात. पुतण्याचा क्लब त्यांपैकीच एक.

शुक्रवार, २५ जानेवारी. जावयांनी तासभर गाडी चालवून मला विद्यापीठात सोडले. बाहेर बर्फ, आत साठ-सत्तर मुले. कोणी पायमोजे घालून खुर्चीवर मांडी ठोकलेला, कोणी उशी घेऊन आलेला. संध्याकाळी पाच वाजता विषय जाहीर झाला : तुमच्यासाठी घर म्हणजे काय? आणि लगेच सूचना, की हा विषय बाहेर कोणाला सांगायचा नाही. कारण तेव्हा प्रत्येक ठिकाणी स्थानिक वेळेनुसार पाच वाजता सुरुवात होत असे आणि सर्वांत शेवटी हवाई बेटांवर पाच वाजायचे असतात. आमच्याकडे त्यासाठी रात्रीचे दहा वाजणार होते. भावाचा मध्येच फोन आला, "काय चाललंय तिथं?" मी म्हणालो, "दहापर्यंत सांगता येत नाही." त्याला हे मुळीच आवडले नाही.

पुतण्याच्या गटात पाच जण होते. दोघे अमेरिकन, एक मेक्सिकोहून आलेली मुलगी, एक चिनी विद्यार्थी आणि आमचे चिरंजीव. पहिल्या तासाभरात त्यांनी फळ्यावर एक अख्खे गाव काढले. बारा घरे, चार ऋतू, प्रत्येक घरात एक कुटुंब, प्रत्येकाची वेगळी भाषा. मला ते फार आवडले. क्लबची अध्यक्ष असलेली एक मुलगी टेबलाटेबलावरून फिरत होती. तिने फळ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "यातले सगळे पुसले आणि एकच गोष्ट ठेवायची झाली, तर काय ठेवाल?" पाचही जण गप्प झाले. मग वाद सुरू झाला, तो मी नीट ऐकला, कारण कर्जाचे प्रस्ताव तपासताना मीही हेच विचारत असे आणि समोरचा असाच गप्प होत असे. तासाभराने फळ्यावर एकच खोली उरली. अंधारी खोली. त्यात घरातले आवाज. ज्या आवाजाजवळ जाल तेथे थोडा उजेड पडतो. पाच देशांची नव्हे, तरी चार देशांची घरे त्या एका खोलीत मावणार होती.

रात्री अकराला पुतण्याने सांगलीला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. वहिनींना त्याने कुकर लावायला सांगितला आणि फोन ओट्याजवळ धरायला लावला. तीन शिट्ट्या, मग लाटण्याचा आवाज, मग दाराची कडी. वहिनी विचारत होत्या, "अरे पण जेवलास का?" तेही त्याने ध्वनिमुद्रित केले. मेक्सिकोच्या मुलीने आईला जुना रेडिओ लावायला सांगितला. तो कोपरा त्या रात्री एका परीने मोठा मजेशीर झाला होता : पाच मुले, आणि भिंतीकडे तोंड करून आपापल्या आईशी बोलत असलेली.

मी घरी परतलो. रात्री काय घडले ते दुसऱ्या दिवशी समजले. दोघांनी एकाच वेळी खेळाच्या एकाच दृश्यावर काम केले आणि दोघांनी ते आपापल्या संगणकावर जपून ठेवले. 'युनिटी' या प्रणालीत दृश्याची एक धारिका असते. अशा दोन धारिका जुळवणे किचकट जाते. 'गिट' नावाची, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था त्यांच्याकडे होती, पण तिनेही हात टेकले. एकाचे तीन तासांचे काम गेले. आमच्या काळी एका खातेवहीत दोन कारकून एकदम नोंदी करू लागले की असेच होई. म्हणून वही एकाच्याच टेबलावर ठेवण्याचा दंडक होता. पहाटे दोन वाजता त्यांनीही तोच दंडक केला : दृश्याला हात लावायचा तर आधी ओरडून सांगायचे. मार्च अखेरीच्या बॅलन्सिंगच्या रात्री मला आठवल्या. काही पैशांचा फरक सापडत नाही म्हणून पहाटेपर्यंत बसलेले आम्ही, आणि कपबशीत गार झालेला चहा.

एक नापसंती येथेच नोंदवतो. दोन रात्री जागणे मला पटत नाही. क्लबच्या मंडळींनाही ते पटत नव्हते. अध्यक्षबाई लोकांना दटावून घरी झोपायला पाठवत होत्या. काही ऐकत होते, आमचे चिरंजीव नव्हते.

शनिवारी दुपारी मी पुन्हा गेलो आणि माझ्यावरच प्रसंग आला. खेळ कसाबसा चालू लागला होता. त्यांना कोणीतरी असा हवा होता ज्याने तो आधी पाहिलेला नाही आणि जो असले खेळ खेळत नाही. अशा कामाला माझ्यासारखा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. मला खुर्चीवर बसवले, कानांवर हेडफोन चढवले. पुतण्या म्हणाला, "काका, आम्ही काही सांगणार नाही. तुम्हाला वाटेल ते करा." आणि पाचही जण माझ्या पाठीमागे वह्या घेऊन उभे राहिले.

पडदा काळा. दूर कुठेतरी कुकरची शिट्टी. बाणाच्या कळा दाबल्या की माणूस सरकतो, एवढे मला कळले. शिट्टीजवळ गेलो. आवाज मोठा झाला. पुढे काय? काही होईना. पुन्हा मागे गेलो, पुन्हा आलो. घाम फुटला. मागे वळून पाहिले तर सगळे गंभीर चेहऱ्याने लिहीत होते. मी विचारले, "आता काय करायचे?" कोणी बोलेना. आपला पुतण्यासुद्धा. चार-पाच मिनिटे मी त्या अंधारात नुसता उभा होतो. शेवटी हेडफोन काढले आणि म्हणालो, "बाबांनो, मला हे जमत नाही. वय झाले." ते ऐकून पुतण्या चटकन पुढे आला. "चूक तुमची नाही, काका. आमची आहे. स्पेसबार दाबायचा हे आम्हालाच ठाऊक होते, खेळात कुठेच दिसत नाही."

मला वाटले, थोरल्या माणसाचे मन राखतो आहे. तसे नव्हते. चिनी मुलाच्या वहीत त्याने लिहून ठेवले होते, की हा खेळाडू कितीदा थांबला आणि कोठे थांबला. त्यांचा वाद पुन्हा सुरू झाला. एक जण म्हणाला, सूचना लिहू या. मेक्सिकोची मुलगी म्हणाली, अंधारात अक्षरे आली की घर जाईल. मग कोणीतरी म्हणाले, ते तिथे थांबले होते ना, मग थांबणे हीच किल्ली करू. आवाजाजवळ जाऊन काही न करता क्षणभर थांबले की उजेड पडेल. स्पेसबार काढून टाकला. वीस मिनिटांत बदल झाला. मी पुन्हा बसलो, शिट्टीजवळ जाऊन थांबलो, आणि ओटा दिसू लागला. वहिनींचा आवाज आला, "अरे पण जेवलास का?"

त्या रात्री मुलीच्या घरी झोप लागेना, पण कर्जामुळे नव्हे. शाखेत पैसे काढण्याची स्लिप चुकीची भरून आणणाऱ्या म्हाताऱ्या बायका आठवत राहिल्या. रक्कम अक्षरांत लिहायच्या ओळीवर त्या नाव लिहीत. रोज चुकत, त्याच ओळीवर चुकत. आम्ही स्लिप परत देत असू, कधी नीट बोलून, पुष्कळदा न बोलता. "वाचता येत नाही का?" हे वाक्य मी स्वतः काउंटरवरून उच्चारलेले आहे. ज्यांना ते म्हटले त्यांतल्या काहींना खरेच वाचता येत नव्हते. ती ओळ चुकीच्या जागी छापली आहे, असे छत्तीस वर्षांत माझ्या मनात एकदाही आले नाही. कोणाची वही घेऊन मी त्यांच्या मागे उभा राहिलो नाही.

रविवारी दुपारी तीनला खेळ जमा करायचे होते. या जॅममध्ये पहिला, दुसरा असे क्रमांक काढत नाहीत. खेळ आणि त्यामागची सारी आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवावी लागे, एवढीच अट. मग सभागृहात प्रदर्शन झाले. खरे सांगायचे तर निम्मे खेळ धड चालत नव्हते. एकात माणूस जमिनीतून खाली पडत राही आणि सारे सभागृह टाळ्या वाजवी. आमच्या गटाची पाळी आली तेव्हा लॅपटॉपचा आवाज सभागृहात ऐकू येईना. खेळ तर सगळाच आवाजाचा. दोन मिनिटे धांदल झाली. मग पुतण्याने लॅपटॉप उचलला आणि तो माइकसमोर धरून उभा राहिला. मेक्सिकोच्या मुलीने दुसऱ्या बाजूने कळा दाबल्या. सांगलीच्या कुकरची शिट्टी थोडी फाटलेली, पण मोठ्याने वाजली.

असे बहुतेक खेळ तेथेच संपतात. काही थोडे पुढे जातात. 'बाबा इज यू' या नावाजलेल्या कोड्यांच्या खेळाचा जन्म २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये झाला आणि तो पूर्ण होऊन बाजारात आला मार्च २०१९ मध्ये, म्हणजे मी पाहिलेल्या या जॅमनंतर सुमारे दीड महिन्याने. पण मुलांना मी त्याविषयी विचारले तेव्हा त्यांना असे काही होईल ही अपेक्षाच नव्हती.

पुढच्या बुधवारी ध्रुवीय थंडीची लाट आली आणि मिशिगनमधील विद्यापीठांनी वर्ग बंद ठेवले. पुतण्या आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे आला होता. दिवसभर झोपला. संध्याकाळी मी मूळ मुद्द्यावर आलो. "बाबांना मी काय सांगू?" त्याने लॅपटॉप उघडला. मला वाटले गुणपत्रिका दाखवणार. तीही दाखवली, चांगली होती. पण आधी एक तक्ता दाखवला. कर्जाची उचल, महिन्याचे व्याज, सवलतीच्या काळातले सरळव्याज वेगळे धरलेले, पहिला हप्ता कधी, किती. रुपयापर्यंत बरोबर. मी आकडे तपासले, जुनी खोड. चूक सापडली नाही. "खेळांतच नोकरी करणार का?" या प्रश्नावर तो म्हणाला, "माहीत नाही, काका. त्यात नोकऱ्या कमी आहेत. पण क्लब सोडणार नाही." मी भावाला एवढेच कळवले, की हमीदार म्हणून मला हरकत नाही. तो म्हणाला, "बक्षीस मिळालं का?" बक्षीस नसतेच, हे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही.

पुतण्या आज रुग्णालयांसाठी आज्ञावली करणाऱ्या एका कंपनीत आहे. २०२३ मध्ये कर्ज फिटले, गाळ्याचे कागद परत आले. गेल्या दिवाळीत तो सांगलीला आला होता. भाऊबीजेच्या दुपारी त्याने तो जुना खेळ लॅपटॉपवर सुरू केला आणि हेडफोन वडिलांच्या कानांवर ठेवले. भाऊ शिट्टीपर्यंत गेला. पुढे गेला, मागे आला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, आता काय करायचं?" पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसलो.