लांडग्याची भूक आणि कामाचा दिवस

भयपट या प्रकाराकडे आपल्या पुरोगामी वर्तुळात फारशा गांभीर्याने पाहिले जात नाही. अंधश्रद्धेला खतपाणी, एवढा शेरा मारून आपण मोकळे होतो. परंतु एखाद्या समाजाला कशाची धास्ती वाटते हे समजून घ्यावयाचे असेल, तर त्याचे भयपट अवश्य पाहावेत. २०२२ साली आलेले दोन चित्रपट या दृष्टीने विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आदित्य सरपोतदार यांचा मराठी ‘झोंबिवली’. डोंबिवलीतील टोलेजंग वसाहत, तिच्या कुशीतील झोपडपट्टी आणि नोकरीच्या चाकोरीतला एक मध्यमवर्गीय अभियंता अशी त्याची मांडणी आहे. माणसांना पिसाळवणाऱ्या रोगाचे मूळ तेथे पाण्याच्या धंद्याशी जाऊन भिडते. दुसरा अमर कौशिक यांचा हिंदी ‘भेडिया’. अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढण्याचे कंत्राट घेतलेला भास्कर नावाचा तरुण लांडग्याच्या चाव्याने स्वतःच लांडगा होतो आणि रात्रीच्या वेळी त्या रस्त्याचे पाठीराखे असलेल्यांवरच तुटून पडतो. अधिक पैसा मिळावा म्हणून हा रस्ता जंगलाला वळसा न घालता जंगलातूनच न्यावयाचा असतो. दिवसा ‘विकासा’ची भाषा बोलणारा कंत्राटदार आणि रात्री जंगलाचा राखणदार, या विसंगतीतून चित्रपटातला विनोद निर्माण होतो.

वृकमानवाची ही प्रतिमा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला नवी नाही. मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात, कामाच्या दिवसावरील प्रकरणात, वरकड श्रमासाठी भांडवलाला लागलेल्या हव्यासाला वृकमानवाच्या भुकेची उपमा दिली आहे. या उपमेत शिवी कमी आणि विश्लेषण अधिक आहे. खऱ्या लांडग्याचे पोट भरते. भांडवलाच्या भुकेला असे पोटच नसते. मजुराच्या शरीराला झोप, अन्न व विश्रांती यांची मर्यादा असते, परंतु ती मर्यादा त्या भुकेला आपण होऊन दिसत नाही. ती बाहेरून, म्हणजे संघटनेने आणि कायद्याने घालावी लागते. इंग्लंडमधील १८४७ चा दहा तासांचा कायदा हे तिचे उदाहरण होय.

या दोन्ही चित्रपटांची मर्यादाही येथेच आहे. माणूस पशू होतो, तो चाव्याने किंवा विषाणूने. तो कंत्राटाने, कर्जाने आणि टनाच्या दराने होतो, हे दाखवणे पडद्याला अवघड जाते. शिवाय वृकमानव एकटा असतो. एकट्याचा कायापालट झाला, एकट्याला उपरती झाली, की प्रेक्षक समाधानाने घरी जातो. ज्या व्यवस्थेने त्याला रस्ता खोदावयास पाठवले ती मात्र दुसरा कंत्राटदार शोधत असते.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, याचा पडताळा घेता येतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला. शेतकरी सावकाराच्या पाशातून सुटावा ही त्यामागील दृष्टी थोर होती. परंतु ऊस तोडणारा मजूर त्या सहकारात सभासद म्हणून कधीच आला नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि शेजारच्या बीडमधून टोळ्या निघतात त्या मुकादमाची उचल घेऊन. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मजुरी टनावर, आजारपणाने खाडा पडला तर दंड, आणि मध्यरात्री गाडी आली की मोळ्या भरावयास उठावेच लागते. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचा; मुकादम म्हणतो, मी केवळ टोळी आणली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीडमधील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली होती. याहून भयंकर दृश्य कोणत्या भयपटात आहे?

अशा वेळी कायदा कोणत्या दिशेने चालला आहे? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी आठ तासांच्या दिवसाचा पुरस्कार केला. १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याला ४८ तासांची आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला ९ तासांची मर्यादा आली. आता उलट वारे वाहू लागले आहे. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तासांचा उपदेश केला. लार्सन अँड टुब्रोचे एस. एन. सुब्रह्मण्यन २०२५ मध्ये ९० तासांवर आणि रविवारवर घसरले. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेणाऱ्या दुरुस्तीला मान्यता दिली.

समर्थकांचा युक्तिवाद असा की जादा तासांना दुप्पट मजुरी आहे आणि कामगाराची संमती आवश्यक आहे. कायम नोकरी आणि पाठीशी बळकट युनियन असलेल्या कामगाराच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य असू शकेल. परंतु औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी तरुणाची संमती ही कसली संमती? उद्या फाटकातून आत घेतील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो कागदावर सही करणारच. उचल घेतलेल्या तोडणी मजुराच्या अंगठ्याला जेवढा अर्थ, तेवढाच या सहीला. सौदा करणाऱ्या दोघांपैकी एकाला उपाशी राहण्याची भीती असेल, तर त्या सौद्याला स्वेच्छा म्हणणे ही अर्थशास्त्राची विटंबना होय.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जादा तासांची संमती एकेकट्या कामगाराकडून न घेता मान्यताप्राप्त संघटनेमार्फत घेतली जावी. तोडणी मजुराचा मालक म्हणून कारखान्याची कायदेशीर जबाबदारी निश्चित व्हावी, ‘कोयत्या’तील स्त्रीची मजुरी तिच्या नावावर जमा व्हावी आणि रात्रीची भरणी जादा काम म्हणून मोजली जावी. उसात बिबट्या दिसला की आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची मागणी होते, आणि ती रास्तच असते. त्याच फडात पहाटेपासून वाकलेल्या माणसांसाठीही तेवढ्याच तातडीने निवेदने गेली पाहिजेत.