फुकटच्या पानाचा सारा

अमेरिकेतील ट्रायपॉड या संस्थेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात सामान्य माणसास संकेतस्थळ थाटण्यासाठी विनामूल्य जागा देऊन तिचा खर्च जाहिरातींतून वसूल करण्याचे योजिले असता, एका मोटार कंपनीची जाहिरात लैंगिक मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनीने हरकत घेतली. तेव्हा जाहिरातीचा पानाशी संबंध दिसू नये म्हणून तेथील ईथन झुकरमन यांनी ती स्वतंत्र खिडकीत उघडण्याची तजवीज केली. अवचित डोळ्यांपुढे येणाऱ्या या खिडक्यांबद्दल त्यांनी २०१४ साली जाहीर दिलगिरी व्यक्त केली. गुन्हा एवढा मोठा नव्हता. वृत्तपत्रेही जाहिरातींवरच पोसली जातात. आक्षेप आहे तो वाचकाची आवडनिवड गुपचूप टिपून तीवर दाम वसूल करणाऱ्या पुढच्या व्यवहारास. त्यापेक्षा रोख भाडे मोजून घेतलेली जागा मला स्वस्त वाटते.